नाकबाई आणि शिरांचा पेला

माझी बायको भित्री आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगतो, आणि ती "आहेच मुळी" म्हणून पुढच्या कामाला लागते. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत येते. रिकामा रस्ता ओलांडतानाही आधी दोन्हीकडे बघते, मग पुन्हा पहिल्या बाजूला बघते, तेवढ्यात गाडी आली असेल तर? मी शहरात बस चालवतो. कधी माझ्या बसमध्ये बसली तर मागच्या सीटवरून सारखी "हळू, हळू" पुटपुटत असते. एकदा एका उतारूने विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, इन्स्पेक्टर.

तशी ती इन्स्पेक्टरच आहे, पण अळंब्यांची. आमच्या शहराच्या डोक्यावर डोंगर आहे आणि डोंगरावर दाट जंगल. थंडी सरली की लोक टोपल्या घेऊन वर जातात आणि दिसेल ती अळंबी खुडून आणतात. म्हणून नगरपालिकेने भाजीबाजाराच्या दाराशी एक टेबल मांडलंय. टोपली आधी त्या टेबलावर ओतायची, तपासून घ्यायची, मगच घरी न्यायची. टेबलामागे माझी बायको. समोर भिंग, मायक्रोस्कोप आणि दाढीचं पातं, पायाशी झाकणाची बादली. चांगली अळंबी टोपलीत परत जाते, वाईट बादलीत. शंका आली तरी बादलीतच. त्यावरून रोज तोंडातोंडी होते. "अहो बाई, एवढा डोंगर चढून आणली होती!" कोणीतरी कळवळून म्हणतं. "जिवंत राहिलात तर पुन्हा चढता येईल," असं ही म्हणते आणि झाकण लावते.

प्रत्येक अळंबी ती डोळे मिटून हुंगते. बाजारात तिला सगळे नाकबाई म्हणतात. मीही म्हणतो, पण घरात, आणि तेही ती खुशीत असेल तर. वासात तिला जे कळतं ते मला डोळ्यांनी दिसत नाही. कुठल्याशा अळंबीला पिठासारखा वास येतो, कुठलीला मुळ्यासारखा. मला सगळ्यांना ओल्या सतरंजीचा वास येतो.

आता पेल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. काही अळंब्यांना ना दांडा, ना छत्री. जमिनीवर नुसता एक पेला उघडून ठेवल्यासारख्या त्या दिसतात. त्यातला एक तपकिरी पेला, आतून शिरा उठलेला, चांगला शिजवला तर खायला उत्तम. त्याला इथे शिरांचा पेला म्हणतात. त्याच दिवसांत, त्याच जंगलात दुसराही एक तपकिरी पेला उगवतो. त्याच्याही आत सुरकुत्या. तो खोटा पेला. खोट्याचं विष लगेच कळत नाही. माणूस जेवतो, हात धुतो, कामाला जातो, आणि बऱ्याच वेळाने पोटात कळ येते. मग यकृत. शिजवताना वाफेतूनही ते अंगात जातं म्हणे. दोन्ही पेले शेजारी ठेवले तर मी सोडा, पण ही सुद्धा नुसत्या डोळ्यांनी शपथ घेणार नाही. फरक वासाचा. शिरांचा पेला मोडला की त्याला ब्लीचिंग पावडरचा वास येतो, पोहण्याच्या तलावाला येतो तसा. खोट्याला तो येत नाही.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी बाजारात कोणाच्या तरी टोपलीत एक पांढरी, अगदी जीवघेणी अळंबी निघाली. हिने ती बादलीत टाकली आणि टेबल साबणाने धुतलं. पण साबणाने हिचं समाधान होईल तर ती माझी बायको कसली! तिने झाडूवाल्याकडून ब्लीचचा डबा मागून घेतला, टेबल घासलं, पातं घासलं, हातही त्यातच बुडवले. मग सुतार आले.

सुतार म्हणजे आमच्या ओळखीचेच, आमच्या घराची दारं त्यांनीच बसवलेली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि त्यांची मुलगी, तिला आठवा महिना. जावई दूर बोटीवर नोकरीला. पोरीला काही गोड लागत नव्हतं, अळंब्या खाव्याशा वाटत होत्या, म्हणून म्हातारा गुडघे धरत डोंगर चढला होता. टोपलीत सगळे तपकिरी पेलेच होते. हिने एक उचलला, मोडला, हुंगला. ब्लीचचा लख्ख वास. दुसरा मोडला, तोही तसाच. एरवी ही मायक्रोस्कोप काढते, पुन्हा हुंगते, गिऱ्हाइकाचा जीव मेटाकुटीला आणते. त्या दिवशी वास इतका स्वच्छ होता की ही घाबरलीच नाही. "शिरांचा पेला," ती म्हणाली. "भरपूर उकळा आणि खा."

बाजार दुपारी बंद होतो. ही घरी आली, मी अंडी उकडून ठेवली होती. तिने पावाचा तुकडा तोडला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली. मला वाटलं पाव शिळा आहे, आता माझ्या नावाने खडे फोडणार.

"अहो, माझा हात हुंगा."

"जेवू दे की."

"हुंगा म्हणते ना!"

मी हुंगला. "ब्लीच. का?"

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. असं आपण नुसतं म्हणतो, मी ते त्या दिवशी खरंच पाहिलं. ओठ आधी पांढरे झाले, मग गाल. "मी पेला नाही हुंगला," ती म्हणाली. "मी माझे हात हुंगले."

मला समजायला क्षणभर लागलं. सुतारांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांच्या कारखान्यात करवत चालू असली की छप्पर कोसळलं तरी त्यांना ऐकू जात नाही. मुलीचा नंबर आमच्याकडे नव्हता. मी स्कूटर काढली. ही मागे बसली आणि माझ्या शर्टाची मूठ आवळून म्हणाली, "जोरात चालवा."

इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिच्या तोंडून मी ऐकले नव्हते. रस्ता कसा संपला मला आठवत नाही. बस चालवणाऱ्या माणसाने सिग्नल तोडू नये. मी तोडला. मागून ही एकदाही "हळू" म्हणाली नाही.

सुतारांचं घर त्यांच्या कारखान्याच्या मागे आहे. करवतीचा आवाज लांबूनच आला. कारखाना ओलांडून आम्ही स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तर खोलीभर वाफ होती. शेगडीवर पातेलं रटरटत होतं आणि सुतारांची मुलगी एक हात पोटावर ठेवून टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर एक वाटी होती, पावाने चाटूनपुसून रिकामी केलेली.

"या ना काकू," ती हसून म्हणाली. "काय सुंदर झालंय हो! बाबांची वाट बघवेना, मी घेतलं खाऊन."

हिने गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली आणि त्या पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. ही म्हणाली, "बाळा, नीट ऐक. सकाळी माझ्याकडून चूक झाली. तू खाल्लंस ते चांगलंही असेल, विषारीही असेल. मला माहीत नाही. आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय."

पोरीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. तिने दुसराही हात पोटावर ठेवला.

सुतारांना करवत बंद करून आणलं. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हीच म्हणालात ना, उकळा आणि खा?"

"हो. मीच."

"मग आता काय माहीत नाही म्हणता? तुम्हाला तिथे बसवलंय कशाला?"

हिने मान खाली घातली नाही. "कुठल्या झाडाखाली मिळाले ते सांगा," ती म्हणाली. "खोटा पेला पाइनच्या कुजक्या लाकडाजवळ येतो."

आयुष्यभर लाकूड कापलेला माणूस, पण त्या सकाळी तो झाडांकडे बघतच नव्हता, पायांखाली बघत होता. "सगळे एकाच जागी मिळाले, ओढ्याकाठी," ते म्हणाले. "रुंद पानांची झाडं होती. पण एक पाइनचा ओंडकाही आडवा पडला होता बहुतेक. मला नाही आठवत हो." आणि एवढा धिप्पाड माणूस खुर्चीवर बसून रडायला लागला.

टोपली रिकामी होती. सगळे पेले पातेल्यात गेले होते आणि शिजलेल्यावरून काही कळत नाही. फक्त एक मोठा पेला पोरीने शोभेला म्हणून खिडकीत ठेवला होता. हिने तो उचलण्याआधी हात घासघासून धुतले आणि तरीही तो मला धरायला लावला. "तुम्ही हुंगा. माझ्या नाकावर आता माझा विश्वास नाही."

मी हुंगला. खोलीभर तळलेल्या कांद्याचा वास. पेल्याचा काठ मोडला तरी त्याला ओल्या सतरंजीचाच; खिडकीत सुकला की ब्लीचचा वास उडतो, ही म्हणाली. मला रडावंसं वाटलं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, एवढंच की त्यांचा पेनवरचा अंगठा सारखा वरखाली होत होता. त्या आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं तर उशीर होईल. विषारी असेल तर मला पोट धुवावं लागेल, औषधं सुरू करून घाटातून मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल. आठव्या महिन्यात हे सगळं उगाच करण्यासारखं नाही, त्यात बाळाला धोका आहे. आणि गरज असून केलं नाही तर दोघांनाही. तुम्ही मला लवकरात लवकर सांगा, कोणता पेला आहे."

म्हणजे काही केलं तरी धोका, आणि कुठल्या बाजूला जायचं ते माझ्या बायकोने सांगायचं. त्याच नाकबाईने. मला डॉक्टरीणबाईंना सांगावंसं वाटलं, दुसरं कोणी शोधा. पण आमच्या शहरात दुसरं कोणी नव्हतं.

बाजाराच्या रखवालदाराने शटर अर्धं वर केलं. आम्ही वाकून आत गेलो. आत रिकामे गाळे, पालापाचोळा, आणि टेबलावर सकाळच्या ब्लीचचा तो मेला वास अजून. हिने मायक्रोस्कोप उचलला आणि लांबच्या गाळ्यात, स्वच्छ फळीवर नेऊन ठेवला. पातं घेऊन पेल्याचा पातळ काप काढायला गेली. पहिला काप जाड आला. दुसरा फाटला. तिसऱ्या वेळी तिने पातं खाली ठेवलं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं.

"गप्प बसा हो," ती म्हणाली. "घाबरले म्हणूनच तर बघतेय."

जे कळायचं ते पेल्याच्या बियांवरून कळायचं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या, धुळीहून बारीक बिया. खोट्या पेल्याच्या पिकल्या बीला दोन्ही टोकांना चोच असते आणि पोटात तेलाचे थेंब. शिरांच्या पेल्याची बी गुळगुळीत, आतून रिकामी. पण कच्च्या बीला चोच फुटलेली नसते. पेला कापून बघितलं तर कच्च्यापक्क्या सगळ्या एकत्र दिसतात आणि माणूस फसतो. म्हणून पेल्याने स्वतःहून सोडलेली पिकली बीच हवी. हिने काचेची पट्टी ठेवली, तिच्यावर पेला कलता टेकवला, वर एक वाडगं पालथं घातलं, आणि आम्ही थांबलो.

ते थांबणं मी कोणाला सांगू शकत नाही. तिकडे ती पोर खाटेवर, बाप बाहेर बाकावर, आणि इकडे आम्ही दोघं पालथ्या वाडग्याकडे बघत. मला सारखी दिसत होती ती चाटूनपुसून रिकामी केलेली वाटी. ही वाडगं उचलायची, बघायची, पुन्हा ठेवायची. एकदा तिने उचललं आणि पेल्यावर हलकेच श्वास सोडला. पेल्यातून धूर निघाला. खरंच, बारीकसा, राखाडी, सिगारेटचा असावा तसा, आणि काचेवर बसला. मी मागे सरकलो. ती मात्र पुढे झुकली आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

बराच वेळ ती बघत राहिली. मग बाजूला झाली. "तुम्ही बघा. मी काय पाहिलं ते सांगणार नाही. तुम्हाला काय दिसतं ते बोला."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. तिने चाक फिरवलं आणि एकदम सगळं स्पष्ट झालं. "अंडी आहेत," मी म्हटलं. "लांबट."

"टोकं कशी आहेत?"

"गोल."

"सगळ्यांची? घाई करू नका. एकेक बघा."

मी एकेक बघितलं. जन्मात एवढं डोळ्यांत तेल घालून मी काही बघितलं नसेल. काच सरकवत ती म्हणायची आता, आता, आणि मी म्हणायचो गोल, गोल. "आत काही आहे? थेंब, बुडबुडा?"

"काही नाही. साफ आहेत."

तिने पुन्हा पेल्यावर श्वास सोडला, नवी काच घेतली, आणि आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. मगच तिने फोन उचलला.

"डॉक्टर, शिरांचा पेला आहे. खायचा. विषारी नाही."

पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू गेला. "नक्की?"

माझी बायको डोळे मिटून उभी राहिली. सकाळीही तिची खात्रीच होती, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तो एक शब्द चुकला तर तिकडे दोन जीव जाणार होते, आणि तो बोलायला माझी जीभ रेटली नसती. नशीब, मला कोणी विचारलं नव्हतं.

"नक्की," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पालापाचोळ्यात खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी पोट धुतलं नाही, घाटातून पाठवलं नाही. नुसतं झोपवून ठेवलं, रक्त तपासलं, बाळाचे ठोके ऐकत राहिल्या. लक्षणं दिसायची ती वेळ उलटून गेली, आणि मगच त्यांनी सोडलं, तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. पोर ठणठणीत होती, भूक लागली म्हणून कुरकुरत होती. सुतारांनी वाटेत माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांच्या घरी पोचल्यावर ते हिला म्हणाले, "मी काल वाटेल ते बोललो. माफ करा बाई. तुम्ही चुकलाच नव्हतात!"

"चुकले होते," ही म्हणाली.

"अहो, पण पेला बरोबर निघाला ना!"

"पेला बरोबर निघाला. मी चुकलेच होते."

सुतारांना ते कळलं नसावं. त्यांनी विषय झटकला आणि फ्रिज उघडला. आदल्या दिवशी घाईत शेजारणीने पातेलं तसंच उचलून आत ठेवलं होतं. मुलगी आशेने हिच्याकडे बघायला लागली. "काकू, बाबांना तर चवसुद्धा मिळाली नाही. आता खाल्लं तर चालेल ना?"

साधा प्रश्न. हिला उत्तर माहीत होतं, दोन काचांवर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याच पातेल्यातलं खाऊन पोर समोर ठणठणीत उभी होती. आणि नोकरी तरी काय होती तिची? 'खा' म्हणायचं नाहीतर 'खाऊ नका' म्हणायचं, एवढीच. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. सगळे थांबले होते. मी तिला ओळखतो, मला कळलं, तिला तो शब्द आता बोलता येणार नाही.

तिने पातेलं शेगडीवर ठेवलं, पाणी घातलं आणि चांगलं खळखळून उकळू दिलं. मग एक वाटी घेतली, भरली, आणि टेबलाशी बसली. जंगलातलं काही तिने आजवर तोंडात घातलेलं नव्हतं, मी कितीही आग्रह केला तरी. "आधी मी खाते," ती म्हणाली. "उद्या सकाळी सांगते तुम्हाला."

चमचा वाटीवर खडखड वाजत होता. पहिला घास तिने डोळे मिटून गिळला. सुतार आणि त्यांची मुलगी भिंतीशी उभे होते. दुसरा घास तिच्या घशाखाली उतरेना. तेव्हा मी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसलो आणि तिच्याच वाटीत माझा चमचा घातला. ती माझ्यावर ओरडली, "तुम्ही नको! तुम्ही नको हो!" पण मी खाल्लं. मी काही शूर माणूस नाही. माझीही पाचावर धारण बसली होती. आम्ही दोघांनी मिळून ती वाटी संपवली. चव कशी होती ते मला विचारू नका.